गेटातून गेलेल्या चादरी

सुकेशनीला घाणीची किळस कधी नव्हती. खुलताबादच्या बाजूला माळावर, बापाच्या मेंढरांमागं ती वाढलेली. कळपात मेंढी व्याली की चिकटानं माखलेलं कोकरू उचलून त्याचं नाक-तोंड मोकळं करायचं काम तिच्याकडंच असे. लेंड्या, मूत, पावसात सडलेले खूर, जखमेतल्या अळ्या, सगळं तिनं हातानं काढलेलं. पुढं बीएस्सी झाली, रामशी लग्न होऊन शहरात आली आणि चिकलठाण्याच्या एका मोठ्या लाँड्रीत तिला नोकरी लागली, तेव्हा सासरच्या बायका नाक मुरडून म्हणाल्या, "दवाखान्याच्या चादरी? शी गं माय!" सुकेशनीला हसू आलं. "घाण असती म्हणून तर धुवायची," ती म्हणाली.

ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हतं. लांबलचक पत्र्याची शेड, आत माणूस उभा राहील एवढाली धुण्याची मशीनं, वाफेचे पाइप, आणि चादर एका बाजूनं घातली की दुसऱ्या बाजूनं कडक होऊन निघणारा रोलर. शहरातल्या कितीतरी खाजगी दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, बाळंतिणींच्या वॉर्डातली दुपटी रोज फकिराच्या टेम्पोतून यायची आणि धुऊन, घडी घालून, प्लास्टिकमध्ये बंद होऊन परत जायची. शेडच्या मधोमध आडवी भिंत. अलीकडं मळकी बाजू, पलीकडं स्वच्छ बाजू. मशीनं त्या भिंतीतच बसवलेली. मळकं इकडच्या दारानं आत टाकायचं, धुतलेलं तिकडच्या दारानं काढायचं. मळकं कापड पलीकडं जाऊच नये म्हणून ही सगळी रचना. माणसांच्या ये-जा करण्यापुरतं भिंतीत एक अरुंद दार तेवढं ठेवलेलं.

सुकेशनी लागली तेव्हा तिथं रोज भांडणं होती. दवाखाने म्हणायचे, तुम्ही आमच्या चादरी हरवता. लाँड्रीवाले म्हणायचे, आमच्या कामावरच्या बायका चोरतात. संध्याकाळी सुटीच्या वेळेला दारात बायकांच्या पिशव्या उपड्या केल्या जायच्या, जेवणाचे डबे उघडून बघितले जायचे. राजाबाई म्हणून एक पन्नाशी उलटलेली बाई मळक्या बाजूला कपड्यांची निवड करायची. तिला एकदा पदर झटकून दाखवायला लावला होता. त्या दिवशी राजाबाई घरी जाताना रस्त्यात खाली बसून रडली.

मग मालकाचा मुलगा हिमांशू कारभार बघायला आला. पुण्याहून शिकून आलेला, बोलायला गोड, बायकांनाही 'ताई' म्हणून हाक मारणारा. त्यानं चिपा आणल्या. करंगळीच्या पेराएवढी चपटी, कापडी वाटावी अशी चिप प्रत्येक चादरीच्या कडेच्या दुमडीत शिवून टाकली. प्रत्येक चिपेला आपला वेगळा नंबर. स्वच्छ बाजूच्या बाहेरच्या दारात दोन उंच खांब उभे केले. सगळे त्याला गेट म्हणू लागले. ट्रॉली भरून चादरी त्या खांबांमधून ढकलली की रेडिओच्या लहरींनी एका दमात सगळ्या चिपा वाचल्या जात. चादर उलगडायला नको, मोजायला नको. शेजारच्या स्क्रीनवर प्रत्येक नंबरापुढं हिरवा ठिपका उमटायचा आणि लिहून यायचं : 'धुतले'. तेच तिकडं दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरही दिसायचं. कोणती चादर कुठं आहे, किती वेळा धुतली, सगळं.

हे गेट सांभाळायचं काम सुकेशनीला मिळालं, आणि तिला त्याचा फार अभिमान होता. थोड्याच दिवसांत निघालं की हरवलेल्या चादरी लाँड्रीत आल्याच नव्हत्या; पेशंटला दुसरीकडं हलवताना अँब्युलन्समधून जायच्या त्या परत येतच नव्हत्या. बायकांच्या पिशव्या उपड्या करणं थांबलं. राजाबाईनं त्या दिवशी घरून शेंगदाण्याचे लाडू आणले आणि एक सुकेशनीच्या हातावर ठेवून म्हणाली, "तुझ्या त्या खांबांनी माझी अब्रू वाचिवली बघ."

दोन वर्षं अशी चांगली गेली.

त्या उन्हाळ्यात पाण्याची ओरड लवकरच सुरू झाली. ओरड दर उन्हाळ्यातच असते, पण या खेपेला होळी झाली न झाली तोच शेडच्या टाक्या रिकाम्या पडायला लागल्या. एक-दोन टँकर यायचे, ते मशीनं सकाळीच पिऊन टाकायची. दवाखान्यांना मात्र चादरी रोज हव्या होत्या. सुकेशनीच्या मनात आलंही, की एवढ्या पाण्यात एवढं काम कसं निघतंय. पण तिच्या गेटापाशी ट्रॉल्या नेहमीसारख्या येत होत्या, हिरवे ठिपके नेहमीसारखे उमटत होते. तिनं हिमांशूला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, पाणी फिरवून वापरतोय. नवीन फिल्टर बसवलाय." तिला ते पटलं.

एका सकाळी ट्रॉली गेटातून पुढं ढकलताना वरच्या गठ्ठ्यातला एक अभ्रा खाली पडला. तिनं तो उचलून झटकला आणि तिच्या नाकाला खोबरेल तेलाचा वास आला. शिळा, घामात मुरलेला, कुणाच्यातरी डोक्याचा वास. वरून लॅव्हेंडरचा फवारा मारलेला होता, त्यामुळं तो आणखीच वाईट लागत होता. तिनं अभ्रा आतून उलटा केला. आत एक लांब केस होता, आणि तेलाचा पिवळा गोल डाग रोलरनं दाबून चकचकीत केलेला.

तिनं त्याच गठ्ठ्यातली चादर ओढली. घडी उलगडत गेली तशी मधल्या घडीत करपलेल्या रंगाचा एक डाग निघाला, आणि डागाला चिकटून, इस्त्रीखाली पापडासारखा सपाट झालेला, सुईच्या जागेवर लावतात तो कापसाचा बोळा. कुणाचं तरी रक्त. तिच्या हाताला चादर अजून गरम लागत होती.

पोटातून एक उमासा वर आला. तिला स्वतःचंच नवल वाटलं. याहून शंभरपट घाण भिंतीपलीकडं रोज येत होती आणि तिला काही वाटत नव्हतं. पण ही पांढरी, कडक, सुवासिक घाण हातात धरवेना. तिनं चादर टाकली, हात पदराला पुसला, मग पदराचीही शिसारी आली.

त्या अरुंद दारातून ती मळक्या बाजूला गेली. राजाबाई टेबलाशी उभी होती. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. तिच्यासमोर दोन ढीग होते.

"मावशी, हे दोन ढीग कशाचे?"

राजाबाईनं मान वर केली नाही. "ह्यो लई घाणीचा. ह्यो कमी घाणीचा."

"मग?"

"लई घाणीचा मशीनीत."

"आन् कमी घाणीचा?"

राजाबाईनं दाराकडं, म्हणजे सुकेशनी ज्यातून आली होती त्या अरुंद दाराकडं, नुसती हनुवटी उडवली. "त्येच्यातून पल्याड. पाण्याचा हबका, वासाचा फवारा, की थेट रोलरला. आता महिना होत आला की, पोरी. मला वाटलं तुला ठावं आसंल. तू तर तिथंच बसती."

"मला कसं ठावं? मला स्क्रीनवर धुतलंय असंच दिसतंय!"

"आता स्क्रीन काय बोलती ते मी काय सांगू?" राजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तोंड उघडायचं नाय असं सायबानं सांगितलंय. मला काम पायजे, बाई. माझं नाव घिऊ नको."

तेव्हा सुकेशनीच्या ध्यानात सगळं आलं. गेटाला धुणं-बिणं काही कळत नव्हतं. त्याला फक्त चिप कळत होती. स्वच्छ बाजूनं आलेलं कापड मशीनीतूनच आलेलं असणार, असं धरून ते हिरवा ठिपका देत होतं. आणि तो ठिपका देण्यासाठी महिनाभर ट्रॉल्या ढकलत होती ती स्वतः सुकेशनी.

ती तडक हिमांशूच्या केबिनमध्ये गेली. त्यानं खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं. बाटलीबंद.

"ताई, तुम्ही सायन्सच्या ना?" सगळं ऐकून घेतल्यावर तो शांतपणे म्हणाला. "रोलर किती तापतो तुम्हाला माहीत आहे. त्या उष्णतेत कुठला जंतू जगेल? आपण फक्त हलक्या वापराच्या चादरी घेतोय. तपासणीच्या खोलीतल्या, एक रात्र राहून गेलेल्या पेशंटच्या. ऑपरेशनचे कपडे आणि लहान मुलांचं काही असलं तर त्याला हात लावायचा नाही, अशी माझी सक्त ताकीद आहे."

"पण सर, त्यावर धुतले म्हणून लागतंय."

"तो सॉफ्टवेअरमधला एक शब्द आहे. पाऊस पडू द्या, सगळं सुरळीत होईल. आणि आज मी दवाखान्यांना सांगितलं की चादरी नाहीत, तर पेशंट उघड्या गादीवर झोपतील. ते चालेल तुम्हाला?"

एवढं बोलून तो हसला. काही वाईट नव्हतं त्या हसण्यात, आणि सुकेशनीला तेच नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. रोलर तापतो हे खरं होतं. पेशंट उघड्या गादीवर झोपतील हेही खरं असेल. ती परत गेटापाशी जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत ट्रॉल्या ढकलत राहिली. फक्त आता ती त्यांना उघड्या हातानं शिवत नव्हती.

घरी रामला तिनं सांगितलं. राम वाळूजच्या कंपनीत मशीनवर होता, स्वभावानं सबुरीचा. तो म्हणाला, "वरून कीर्तन, आतून तमाशा. सगळीकडं ह्येच चाललंय. तू कितीकाचं तोंड धरशील?" तिनं ताटातली भाकरी मोडली, तोंडापाशी नेली आणि परत ठेवली. हाताला लॅव्हेंडरचा वास येत होता. साबणानं धुतले, राखेनं घासले, लिंबू चोळलं, तरी येतच राहिला.

असे काही दिवस गेले. ती स्वतःची समजूत घालत राहिली, की हलकंच कापड आहे, लहान मुलांचं नाही.

मग एके दिवशी दुपट्यांचा गठ्ठा आला. उस्मानपुऱ्यातल्या एका प्रसूतिगृहाचा. मऊ, पांढरी, निळ्या काठाची दुपटी; नुकत्याच जन्मलेल्या बाळाला आंघोळ घालून ज्यात गुंडाळतात ती. सुकेशनीनं ट्रॉली थांबवली. हात पुढं होईना, तरी तिनं मधलं एक दुपटं काढलं आणि उलगडलं.

आत वाळलेल्या दुधाची उलटी होती. दूध नासून वाळावं तशी, इस्त्रीनं कापडात मुरवलेली. आणि खालच्या टोकाला तान्ह्या बाळाची पहिली काळपट हिरवी शी, नीट घडीवर घडी येऊन दोन्ही बाजूंना आरशासारखी उमटलेली. त्या सगळ्यावर फुलांचा वास.

सुकेशनी शेडच्या मागं गेली आणि भिंतीला धरून ओकली. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिली. तिनं हातानं मेलेली कोकरं पुरली होती. तेव्हा तिला रडू यायचं, ओकारी कधी आली नव्हती.

हिमांशूकडं ती पुन्हा गेली नाही. त्याचं ते समजूतदार हसू तिला बघवलं नसतं.

त्याच आठवड्यात पाहुणे यायचे होते. दुपटी ज्या प्रसूतिगृहातून येत तिथल्या मेट्रन कालिंदी सिस्टर. त्यांच्या दवाखान्याचा करार वाढवायचा होता. आणि जालना रोडवर नव्यानं उभ्या राहिलेल्या एका मोठ्या दवाखान्याचे व्यवस्थापक सदाशिवराव. त्यांचं काम लाँड्रीला पहिल्यांदाच मिळणार होतं. शेड धुऊन काढली. त्याला मात्र पाणी मिळालं. बायकांना नवे ॲप्रन दिले. हिमांशू सुकेशनीला म्हणाला, "गेट तुम्हीच दाखवा, ताई. तुमच्याइतकं छान कुणालाच सांगता येत नाही."

कालिंदी सिस्टर बुटक्या, चष्मेवाल्या, पन्नाशीच्या. सुती साडी, कमी बोलणाऱ्या. सदाशिवराव उंच, हसतमुख, मध्येच फोनवर बोलणारे. हिमांशूनं त्यांना मशीनं दाखवली, रोलर दाखवला, भिंत दाखवली. मग सगळे गेटापाशी आले. सुकेशनीसाठी 'धुतलेल्या' चादरींची एक ट्रॉली भरून ठेवली होती.

"दाखवा, ताई," हिमांशू म्हणाला.

सुकेशनीनं त्या ट्रॉलीला हात लावला नाही. ती बाहेरच्या दारातून माल उतरवायच्या धक्क्यावर गेली. फकिराचा टेम्पो नुकताच येऊन लागला होता. ती म्हणाली, "फकिराभाई, एक पिशवी द्या." फकिरा म्हणाला, "कौनसी? ये तो अभी मैली है, बाई." "मैलीच द्या." त्यानं खांदे उडवले आणि प्लास्टिकची एक फुगलेली पिवळी पिशवी तिच्यासमोर टाकली. तिच्या तळाशी काहीतरी ओलं साचलेलं दिसत होतं.

सुकेशनीनं ती पिशवी ओढत आणली आणि खांबांमधून आत ढकलली. गेट वाजलं. स्क्रीनवर एकामागून एक हिरवे ठिपके उमटले. धुतले. धुतले. धुतले. पिशवीतून येणाऱ्या वासानं सदाशिवरावांनी रुमाल नाकाला लावला.

मग हिमांशू मोठ्यानं हसला आणि त्यानं टाळी वाजवली.

"बघितलंत? बंद पिशवी, आत ओलं कापड, तरी एकूण एक चिप वाचली! एवढं तयार गेट आहे आपलं. ताई, वा! हे मला सुचलंच नसतं."

सदाशिवरावांनी रुमालाआडून मान डोलावली. "हो हो, इम्प्रेसिव्ह आहे."

सुकेशनी बघतच राहिली. तिला वाटलं होतं, याच्या तोंडचं पाणी पळेल. आणि हा टाळी वाजवत होता.

"सर," ती म्हणाली. "ते धुतलेलं नाय. टेम्पोतून आत्ता उतरलंय. गेटाला धुतलेलं कळतच नाय. या दारातून काय बी न्या, ते धुतलंयच म्हणतंय. उन्हाळा लागल्यापासून निम्म्या चादरी आम्ही नुसत्या वास मारून, इस्त्री करून पाठवतोय. बाळांची दुपटी सुद्धा, सिस्टर. तुमच्याकडची."

"ताई," हिमांशू हळू म्हणाला, "तुमची तब्येत बरी नाही. जाऊन पडा जरा."

कालिंदी सिस्टर थेट त्या तयार ट्रॉलीपाशी गेल्या. वरची चादर बाजूला केली, दुसरी केली. वरच्या दोन-तीन थरांत काही नव्हतं. हिमांशूनं त्या खरंच धुऊन ठेवल्या होत्या. त्यांनी हात खाली घातला, तळातली एक ओढून काढली, उलगडली आणि नाकाशी नेली. त्यांचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला. त्यांनी चादर बोटाच्या चिमटीत धरून खाली सोडली आणि हात अंगापासून लांब धरून विचारलं, "नळ कुठं आहे?"

सुकेशनीनं दाखवला. सिस्टरांनी तोटी फिरवली. नळातून नुसती हवा आली.

सदाशिवरावांनी घसा खाकरला. "बाई, सुकेशनीबाई ना? तुमची तळमळ समजते. पण धंद्यात थोडं इकडं-तिकडं होतं. काय हिमांशू, पाण्याचं बघून घ्याल ना तुम्ही?" मग ते आवाज खाली आणून, जणू घरातली गोष्ट बोलावी तसे म्हणाले, "आमच्याकडं रिपोर्ट हिरवा येणार ना? तपासणीला तोच लागतो. चादरी हुंगायला कोण येतंय?"

हे मात्र सुकेशनीच्या कल्पनेपलीकडचं होतं. हिमांशू खोटं बोलत होता, कारण त्याला लपवायचं होतं. पण ज्याच्या पेशंटच्या अंगाखाली ती चादर जाणार तो माणूस समोर उभा राहून, रुमाल नाकाला लावून, चालेल म्हणत होता. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं. तिथंच त्या पिवळ्या पिशवीवर टाकलं आणि चालू पडली. जाताना भिंतीतल्या अरुंद दारात राजाबाई उभी दिसली. तिनं सुकेशनीकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

कालिंदी सिस्टरांनी मात्र परत गेल्या गेल्या आपल्या दवाखान्यातलं कपाट उघडलं. सगळ्या नर्सांना बोलावलं, डॉक्टरांना बोलावलं, आणि एकेक दुपटं त्यांच्यासमोर टेबलावर उलगडत गेल्या. अर्धं कपाट संपायच्या आत मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हात वर केला, "पुरे." त्या दवाखान्याचा करार त्याच दिवशी तुटला. सिस्टरांनी गच्चीवर दोन मशीनं बसवून घेतली आणि पाण्याला वेगळी टाकी. हे सगळं त्यांनी फोन करून सुकेशनीला सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "दोन बाळांच्या अंगावर फोड आले होते मागच्या महिन्यात. मी त्यांच्या आयांना म्हटलं होतं, तुम्ही स्वच्छता ठेवत नाही. बोलले मी त्यांना." आणि त्यांनी फोन ठेवला.

बाकीच्या दवाखान्यांनी काही केलं नाही. सदाशिवरावांनी करारावर सही केली.

जिथं तक्रार करायची तिथं सुकेशनीनं रामला बरोबर घेऊन तक्रार केली. एक साहेब लाँड्रीत जाऊन आले. त्यांना स्क्रीन दाखवली, चहा झाला, साहेबांनी हिरव्या ठिपक्यांचा फोटो काढला आणि तक्रारीत तथ्य नाही असं कळवून टाकलं.

त्यानंतर हिमांशूचा फोन आला होता. रागाचा एक शब्द नव्हता त्यात. "ताई, तुम्ही घरच्यासारख्या होतात. मला सांगायचं होतं ना. आणि खरं म्हणजे तुमचे आभारच मानायला हवेत. तुमच्यामुळं सिस्टिममधली त्रुटी कळली. आता मशीनच्या तोंडाशीच गेट बसवतोय. कापड मशीनमध्ये गेल्याशिवाय धुतलं म्हणून लागणारच नाही." सुकेशनीनं ऐकून घेतलं. खरंच तसं झालं तर बरंच, असं तिला त्या वेळी वाटूनही गेलं.

पाऊस लांबला. सुकेशनीनं गारखेड्यातल्या एका मेडिकल दुकानात काम धरलं. एका रविवारी राजाबाई घरी आली. हातात काही नव्हतं. उंबऱ्यापाशीच बसली. सुकेशनीनं चहा दिला, तो तिनं खाली ठेवला.

"बसिवलं गं त्यांनी नवं गेट," ती म्हणाली. "मशीनीच्या तोंडाला."

"मग आता तरी धुत्यात?"

राजाबाईनं मान हलवली. "कापड टाकायचं, दार लावायचं, कोरडंच दोन गिरक्या फिरवायचं, की काढायचं. पाणी नाय, साबण नाय. हिरवं लागतंय. मला त्या मशीनीवर घातलंय. बटण मीच दाबती. जेवताना घास गिळवत नाय, सुकेशनी. पर सोडून जाऊ कुठं?"

सुकेशनीला राजाबाईचा राग आला, मग तिची कीव आली, मग स्वतः ट्रॉल्या ढकलत होती ते दिवस आठवून तिला स्वतःचाच हात नकोसा झाला. चहा दोघींचाही निवून गेला.

आषाढात रामची बहीण अक्षदा बाळंत झाली. सासरच्यांनी हौसेनं तिला जालना रोडवरच्या त्या नव्या दवाखान्यात नेलं होतं. काचेची दारं, थंडगार हवा, फरशीत तोंड दिसेल असा लखलखाट. सुकेशनी रामबरोबर खोलीत गेली तेव्हा अक्षदा दमून झोपली होती, कुशीत लाल तोंडाची मुलगी. सगळी खोली फुलांच्या वासानं भरलेली. सुकेशनीला तो वास दारातच ओळखू आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

तिनं चादरीची कड चाचपली. दुमडीत चिप लागली.

"अक्षदा, ऊठ गं जरा. हळू. बाळाला माझ्याकडं दे."

"काय झालं, वहिनी?"

"ऊठ म्हणते ना."

तिनं बाळाला दुपट्यातून सोडवलं, आपल्या छातीशी धरलं. रामला म्हणाली, "ती पिशवी उघडा." पिशवीत तिनं घरून आणलेली आईची दोन जुनी लुगडी होती, धुऊधुऊन पातळ झालेली, उन्हात वाळवलेली. रामनं एक पलंगावर अंथरलं, दुसऱ्यात तिनं पोरीला गुंडाळलं. काढलेली चादर, दुपटं, अभ्रा तिनं पायानं एका कोपऱ्यात सारलं.

एवढ्यात नर्स आली. कोवळी मुलगी होती, घाबरून म्हणाली, "ताई, हे काय करताय? घरचं कापड चालत नाही इथं. इन्फेक्शन होतं. आणि ते धुतलेलं आहे ना, आत्ताच सीलबंद आलंय. सिस्टिमवर बघून दाखवू का?"

"नको," सुकेशनी म्हणाली. "तू ते दुपटं उघड. पुरतं उघड, आन् नाकाला लाव."

नर्सनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा रामकडं. मग वाकून कोपऱ्यातलं दुपटं उचललं आणि उलगडलं. ते तिनं नाकापर्यंत नेलं नाही. अर्ध्यातच तिचा हात थांबला. तिनं दुपटं गोळा करून घाईघाईनं ट्रेमध्ये कोंबलं, दाराकडं एक नजर टाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, माझं नाव नका सांगू कुणाला. तुमचं लुगडं राहू द्या. मी दाराशी थांबते."

ती दार ओढून बाहेर उभी राहिली. सुकेशनी बाळाला मांडीवर घेऊन लाकडी खुर्चीवर बसली. संध्याकाळपर्यंत तिनं पाठ टेकली नाही.